ऊन डावीकडून

त्या कारखान्यात रान सोमवारी उगवायचं आणि शनिवारी ओलंच टेम्पोत चढायचं. सोमवारी आभाळ, मंगळवारी झाडांची खोडं, बुधवारी पानं, गुरुवारी ऊन. शुक्रवारी मालक येऊन खालच्या कोपऱ्यात स्वतःची सही ठोकायचे. सही अशी झोकदार, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आठवडाभर झाडाखाली बसून तापलाय. प्रत्यक्षात मालकांना ऊन अजिबात सोसत नसे. गाडीतून उतरून शेडच्या दारापर्यंत दहा पावलं जायचं, तरी छत्री उघडायचे.

लांबलचक पत्र्याची शेड, भिंतीला धरून एक लाकडी फळी, आणि फळीवर ओळीनं टेकवलेले अकरा कॅनव्हास. अकराही कॅनव्हासवर एकच रान, एकच वळणाची पायवाट, त्याच जागी तोच पडलेला ओंडका. हॉटेलांच्या खोल्या, सोफ्यांची दुकानं, दाताच्या डॉक्टरांकडची बसायची जागा, अशा ठिकाणी ही चित्रं जायची. म्हणजे जिथे माणसाला बसवून ठेवायचं असतं आणि त्याचं लक्ष भलतीकडे न्यायचं असतं, तिथे. शेडच्या भिंतीवर मालकांनी लाल रंगात दोनच शब्द लिहून ठेवले होते: ‘ऊन डावीकडून’. चार हातांनी उभं केलेलं रान आपापसांत भांडू नये, म्हणून हा कायदा. प्रकाश डावीकडून येणार, सावल्या उजवीकडे पडणार, बाकी तुम्ही काय वाटेल ते करा.

हे ऊन लावण्याचं काम एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. त्याला सगळे ऊनराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या पाकिटावर असायचं तेवढंच.

ऊनरावांचं काम बघायला छान होतं, हे कबूल करायला हवं. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, नखभर नारिंगी, रंग लोण्यासारखा घट्ट. छोटी लवचिक सुरी घ्यायची आणि टप, टप, टप. खोडाच्या डाव्या कडेला एक ओघळ, ओंडक्याच्या पाठीवर दोन ठिपके, पायवाटेवर सांडल्यासारखे आठ-दहा. अर्ध्या तासापूर्वी ओल्या पोत्यासारखं दिसणारं ते रान एकदम डोळे उघडायचं. गुरुवारी दुपारी बाकीचे तिघं हातातली कामं टाकून बघत उभे राहायचे. आणि इथेच सगळा घोटाळा झाला. कारण माणसाकडे दर गुरुवारी तिघं जण बघत उभे राहिले, की एकतीस वर्षांत त्याच्या डोक्याचं काय होणार?

“काय हो खोडवाले,” ऊनराव सुरी पुसत म्हणायचे, “ही झाडं आहेत की विजेचे खांब? तारा कधी ओढताय?”

खोडवाले म्हणजे सुकलेला, कमी बोलणारा माणूस. तो कानावरची पेन्सिल काढायचा आणि परत कानावर ठेवायचा. तेवढंच त्याचं उत्तर.

“आणि आभाळबाई, तुमचं आभाळ बघून मला कपडे आत घ्यावेसे वाटतात.”

आभाळबाई जाड भिंगांतून बघायच्या आणि पुटपुटायच्या. काय पुटपुटायच्या ते लिहिण्यासारखं नाही. पानं काढणाऱ्या पानवाल्याला तर ऊनरावांनी ‘कोशिंबीर’ असं नावच ठेवलं होतं. “तुमचं सगळ्यांचं मेलेलं मी जिवंत करतो,” असं ऊनराव दर गुरुवारी म्हणायचे, आणि कोणी खोडून काढत नसे, कारण त्यात थोडं खरं होतं. थोडं खरं असलेलं बोलणं माणूस विसरत नाही.

ऊनरावांना एकच मुलगी. तिचं लग्न बरं झालं, म्हणजे सासरी मोठी बैठकीची खोली होती. तिथे पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, वडील काय करतात? मुलगी म्हणाली, “बाबा चित्रकार आहेत.” आता यात खोटं काही नव्हतं. पण तिची सासू जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आणि तिला कोणतीही गोष्ट नकाशावर बोट ठेवून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. एका गुरुवारी ती न सांगता शेडच्या दारात उभी राहिली.

ऊनराव तेव्हा सातव्या रानात होते.

“नमस्कार व्याही. चालू द्या, चालू द्या. मी नुसती बघते.” विहीणबाई अकरा चित्रांसमोरून हात पाठीमागे बांधून चालत गेल्या, वर्गातल्या बाकांमधून जावं तशा. मग परत आल्या. “हे सगळं तुम्ही काढता?”

“मी ऊन लावतो.”

“ऊन म्हणजे हे ठिपके?”

“ठिपके नव्हेत हो, प्रकाश! चित्राचा सगळा प्राण...”

“आणि झाडं?”

ऊनरावांनी खोडवाल्यांकडे बोट दाखवलं. खोडवाल्यांनी पेन्सिल काढून नमस्कार केला. एकतीस वर्षांत ते पहिल्यांदाच हसले असावेत.

“अच्छा,” विहीणबाई म्हणाल्या. “ठिपके लावता होय!”

त्या दिवसापासून मुलीला सुख नाही. सासू ओरडणारी नव्हती, छळणारी तर मुळीच नव्हती. ती फक्त हसत बोलायची. “अगं, भाजी सगळी तू केलीस, की तुझ्या बाबांसारखं शेवटी नुसतं मीठ टाकलंस?” पाहुणे आले की, “आमच्या सूनबाईंचे वडील चित्रकार आहेत बरं का. ठिपक्यांपुरते.” नवरा वर्तमानपत्र वर धरायचा. सासरे तर बसल्या बसल्या झोपणारेच होते.

महिन्याभरानं मुलगी माहेरी आली ती चप्पलही न काढता बोलायला लागली. “बाबा, एक चित्र. पूर्ण. आभाळापासून उन्हापर्यंत सगळं तुमच्या हातचं. आणि खाली तुमची सही. मला ते त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर लागलेलं बघायचंय. नाहीतर मी जन्मभर त्या घरात ठिपकेवाल्याची मुलगी.”

“एवढंच ना?” ऊनराव म्हणाले. “अगं, जे लोक खोडं काढतात त्यांना मी ओळखतो. त्यांना जमतं म्हणजे ते काही अवघड नसणार.”

त्यांनी मालकांकडे दोन आठवड्यांची रजा मागितली. रजा कशासाठी ते सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. वर म्हणाले, “आणि मी खरं रान बघून काढणार. तुमच्यासारखं पाठ केलेलं नाही.”

शहराच्या टोकाला शेवटचा बस थांबा, त्यापुढे अर्ध्या तासाची पायपीट, मग खरोखरीचं रान. बायकोनं डबा बांधून दिला. एवढा मोठा कॅनव्हास बसमध्ये घेऊन जायचा म्हणजे कंडक्टरशी रोज एक लढाई, त्यामुळे रोज पोचेपर्यंत दोन वाजायचे. घोडा मांडायचा, म्हणजे चित्र टेकवायची ती तीन पायांची चौकट, आणि सहाच्या परतीच्या बसपर्यंत काम.

आणि इथे एक गंमत झाली, जिच्याबद्दल नंतर कोणी बोललं नाही. ऊनरावांना ते रान जमलं.

पहिल्या दिवशी आभाळ. घाबरत घाबरत, पातळ रंगात. दुसऱ्या दिवशी खोडं. एकतीस वर्षं ज्यांची टिंगल केली ती खोडं काढायला बसल्यावर त्यांनी दोनदा रेघ ओढली आणि दोनदा पुसली. दोन तास त्यांनी एकच झाड बघितलं. साल कुठे उकललीय, मूळ जमिनीत शिरताना खोड कसं जाड होतं, सूर्याकडे पाठ केलेली बाजू काळी नसते, निळसर जांभळी असते, हे सगळं त्यांनी त्या वयात पहिल्यांदा पाहिलं. जसं दिसलं तसं काढलं. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पानं आणि जमिनीवरच्या सावल्या. घरी परतताना बसमध्ये ते एकटेच हसत होते. कंडक्टरनं त्यांना त्या दिवशी काही म्हटलं नाही, घाबरला असेल.

दुपारचा सूर्य रोज त्यांच्या उजव्या हाताला असायचा. सावल्या डावीकडे पडायच्या. ऊनरावांनी त्या तशाच, इमानदारीत, डावीकडे काढल्या.

पाचव्या दिवशी राहिलं ते ऊन.

“आज नाही का जायचं?” बायकोनं विचारलं. डबा तयार होता.

“ऊन बघायला रानात कशाला जायचं?” ऊनराव म्हणाले. “ते माझ्या हातात आहे.”

त्यांनी कॅनव्हास घरातल्याच खुर्चीवर टेकवला. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, नखभर नारिंगी. सुरी उचलली. हात आपोआप खोडांच्या डाव्या कडेला गेला. तिथे गडद जांभळं होतं. क्षणभर सुरी हवेत थांबली. ‘इथे जरा काळं झालंय,’ त्यांनी मनात म्हटलं. ‘बरंच झालं. ऊन उठून दिसेल.’ आणि टप, टप, टप. शीळ घालत तासाभरात त्यांनी सगळं रान डावीकडून पेटवून दिलं. खाली सही केली. पगाराच्या पाकिटावरचं नाव पहिल्यांदा रंगात लिहिलं गेलं.

बायको भांडी घासता घासता हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. “छान आहे हो. पण काहीतरी डोळ्यांना खुपतंय. झाडं चांगली वाटतात, आणि तरी...”

“तरी काय?”

“काय ते सांगता येत नाही. बघितलं की मान अवघडल्यासारखी होते.”

“मानेला तेल लाव,” ऊनराव म्हणाले. “चित्रातलं तुला काय कळतं?”

ती परत भांड्यांकडे गेली.

आता तेलरंगाची एक गोष्ट लक्षात ठेवा. पातळ रंग दोन-चार दिवसांत धरतो, पण ऊनरावांचं ते लोण्यासारखं ऊन आठवडाभर मऊ राहतं. सुरीनं खरवडून काढायला अर्धा तास पुरतो. चित्र विहीणबाईंकडे न्यायचं होतं पुढच्या रविवारी. म्हणजे मधे सहा दिवस होते. हे शेडमधल्या तिघांना, त्या धंद्यातल्या कोणालाही, झोपेतसुद्धा माहीत असतं.

आणि ऊनरावांनी त्या तिघांना दुसऱ्याच दिवशी चहाला बोलावलं. स्वतः होऊन. नाचक्की करायला, दुसऱ्यांची.

तिघं आले. चित्रावरची चादर ऊनरावांनी जादूगारासारखी ओढली. पहिल्यांदा आभाळबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग कोशिंबिरीनं आभाळबाईंकडे बघितलं. खोडवाल्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तोंडात धरली आणि चित्राच्या इतके जवळ गेले की नाकाला रंग लागला असता.

“काय?” ऊनराव म्हणाले. “बोलती बंद?”

“ऊनराव,” आभाळबाई म्हणाल्या, “नुसतं ऊन ऊन झालंय हो! मला तर घाम फुटला.”

“असं ऊन कुठेच बघितलं नाही,” पानवाला म्हणाला, आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला. बाहेरून त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

“आणि तुम्ही, खोडवाले?”

खोडवाले वळले. एकतीस वर्षांचे विजेचे खांब त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेले असणार. त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. “मी काय बोलणार? तुम्ही आमचं मेलेलं जिवंत करणारी माणसं.”

चहा पिऊन, दोन दोन बिस्किटं खाऊन ते निघून गेले. रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन तिघं एकमेकांचे खांदे धरून हसले, इतके की आभाळबाईंना विजेच्या खांबाला, खऱ्या खांबाला, टेकावं लागलं. “सांगायचं का त्यांना?” असं पानवाल्यानं विचारलं खरं. आभाळबाई म्हणाल्या, “कपडे आत घ्यायचे राहतील त्यांचे!” आणि विषय संपला. सहा दिवस ऊन मऊ होतं. सहा दिवस कोणी गेलं नाही.

रविवारी बैठकीच्या भिंतीवर चित्र लागलं. सोफ्याच्या बरोबर वर. जावयानं स्वतः खिळा ठोकला. समोरचं शेजारी जोडपं बोलावलेलं, सासरे अर्धे जागे. मुलगी दाराला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा असा, की निकाल तिचाच लागणार होता.

विहीणबाईंनी चष्मा लावला. खरं सांगायचं तर पहिल्या मिनिटाला त्या हरल्या होत्या. “सही तुमची आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “झाडं... चांगलीच आहेत की!”

मुलीनं श्वास सोडला. ऊनरावांनी पायावर पाय टाकला. आणि टाकता टाकता म्हणाले, “नीट बघा. ऊन बघा.”

विहीणबाईंनी ऊन बघितलं.

“कुठून येतंय हो हे?”

“डावीकडून,” ऊनराव रुबाबात म्हणाले. “आमचं ऊन नेहमी डावीकडून.”

“आणि सावल्या कुठे पडल्यात?”

ऊनरावांनी बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ऊन आणि सावली एकत्र बघितली. पायावरचा पाय खाली आला.

“डावीकडे!” शेजारी टाळी वाजवून म्हणाला. उत्तर आल्यावर कोणालाही आनंद होतो.

“शाब्बास,” विहीणबाई म्हणाल्या. “मी चौतीस वर्षं मुलांना काठी उभी करून शिकवलं की सूर्य एकीकडे तर सावली दुसरीकडे. सूर्याच्या गळ्यात पडायला धावणारी सावली आजच बघते आहे. व्याही, हे रान कोणत्या ग्रहावरचं?”

शेजारीण तोंडावर पदर घेऊन हसली, जावई हसला, मग हसू आवरलं, मग पुन्हा हसला. सासरे जागे होऊन काय झालं विचारायला लागले, त्यांना समजावून सांगताना सगळे नव्यानं हसले.

तेव्हा मुलगी दारातून पुढे आली. तिला बापाला वाचवायचं होतं की स्वतःला, हे त्या घाईत तिलाही कळलं नसेल. “आई, अहो, बाबांनी सगळं नाही काढलेलं. त्यांनी फक्त ऊन लावलंय. बाकीचं त्या शेडमधल्या लोकांनी काढलंय, त्यांनीच घोळ घातलाय. हो ना, बाबा?”

सगळे ऊनरावांकडे बघायला लागले. खाली कोपऱ्यात सही होती. सही अजून ओली होती.

“हो,” ऊनराव म्हणाले. “मी फक्त ऊन लावलं.”

विहीणबाई पुन्हा चित्राकडे वळल्या. शिक्षकाला उत्तर अर्धवट सोडवत नाही. “थांबा हं. आभाळ उजवीकडे उजळ आहे. पानं उजवीकडे पोपटी. खोडं डावीकडे गडद. सावल्या डावीकडे. या सगळ्यांचं एकमेकांशी अगदी बरोबर जमलंय.” त्यांनी चष्मा काढला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, “म्हणजे त्या लोकांचं सगळं बरोबर आहे, व्याही. चुकलंय ते फक्त ऊन.”

ऊनराव उठले. “खरवडून देतो,” म्हणाले. “अर्ध्या तासाचं काम आहे. सुरी आणतो.”

“छे छे! आहे तसंच राहू दे,” विहीणबाई म्हणाल्या. “मला फार आवडलं.”

सोमवारी ऊनराव शेडमध्ये गेले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, शेजारणीची बहीण आभाळबाईंच्या आळीत राहायची. कोणी काही विचारलं नाही. न विचारणं इतकं सफाईनं चाललं होतं, की त्यापेक्षा विचारलेलं बरं. गुरुवारी त्यांनी सुरी उचलली तेव्हा बघायला कोणी उभं राहिलं नाही.

संध्याकाळी हात धुताना खोडवाले त्यांच्या शेजारच्या नळावर आले. बराच वेळ बोटांवरचा रंग चोळत राहिले. मग म्हणाले, “ऊनराव, तुमची खोडं चांगली होती हो. जमिनीत रुतलेली. माझं एकही असं कधी रुतलं नाही.”

तो माणूस खरं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा एका चित्रकारानं ऊनरावांना चित्रकार म्हणून काहीतरी सांगितलं होतं.

ऊनरावांनी नळ बंद केला. “हसून पोट भरलं नाही वाटतं अजून?” म्हणाले, आणि टॉवेल त्यांच्या अंगावर टाकून चालते झाले. खोडवाले पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत, आणि ऊनरावांनी पुन्हा कधी खोड काढलं नाही.

चित्र अजून तिथेच आहे, सोफ्याच्या वर. विहीणबाईंकडे कोणी नवीन आलं की चहा येईपर्यंत त्याला चित्रासमोर बसवतात आणि म्हणतात, “यात एक चूक आहे. शोधा बघू.” लोक झाडं मोजतात, पानं बघतात, पक्षी नाही म्हणतात. फार अडले तर विहीणबाई सुनेला हाक मारतात. ती चहाचा ट्रे टेबलावर ठेवते, पुढे वाकते आणि नेमकं बोट ठेवून दाखवते. मग सासू-सुना एकमेकींकडे बघून हसतात. दोघींचं हल्ली फार छान जमतं.